निखाऱ्यावर भाजायची घरची जाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रब्बीची ज्वारी निसवायला लागली की सोलापूर आणि आसपासच्या गावांतून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. हुरड्याला पाहुणे यायचे असतात, शेतात आगटी, म्हणजे हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा खड्डा, होणारच असते, तिच्या शेजारी काहीतरी भाजायला जाळी हवी असते. दरवेळी एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. आगटी असताना वेगळी जाळी कशाला?

हुरड्यासाठी जाळी नकोच. कणसं आगटीतच भाजावीत. खड्ड्यातल्या गोवऱ्यांची मंद धग चारी बाजूंनी लागते, तशी ती जाळीवर मिळत नाही. जाळी बाकीच्या जिनसांसाठी हवी: वांगी, मक्याची कणसं, कांदे, पनीर, मासे, कोंबडी. या वस्तू राखेत लोळवता येत नाहीत. आगटी आणि जाळी शेजारी शेजारी ठेवा, पण निखारे वेगळे करा. गोवऱ्यांची राख हलकी असते. झुळूक आली की ती उडते आणि ओल्या मसाल्यावर बसते.

२. वेल्डिंग न करता आजच्या आज जाळी करता येईल का?

येईल. पक्क्या भाजलेल्या विटांच्या दोन समांतर रांगा करा, मध्ये दीड फूट जागा सोडा. विटा आडव्या ठेवून तीन थर दिले की उंची साधारण नऊ इंच होते. तळाला दोन इंच निखारे पसरले तरी वर सात इंच उरतात, आणि भाजायला तेवढं अंतर चांगलं. वाऱ्याकडची बाजू चार-सहा विटांनी बंद करा. वर १० मिमीच्या साध्या गोल सळया बोटभर अंतराने आडव्या टाका. सळया घरंगळतात, म्हणून दोन्ही टोकांना एकेक आडवी सळई देऊन सेंटरिंगवाले वापरतात त्या काळ्या बांधणीच्या तारेने बांधून घ्या. चकचकीत पांढरी तार घेऊ नका. कारण प्र. ४ मध्ये आहे.

घराच्या बांधकामातून उरलेली टॉर सळईही चालते, पण तिच्या कंगोऱ्यांत मसाला अडकतो आणि घासून निघत नाही. हिरवा किंवा दुसरा कुठलाही रंगीत लेप असलेली सळई मात्र मुळीच नको. सिमेंटचे ठोकळे विटांच्या जागी वापरू नका, तापले की ते तडकतात.

३. पक्की जाळी करून घ्यायची आहे. फॅब्रिकेशनवाल्याला नेमकं काय सांगू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

आठ-दहा माणसांसाठी ४५ × ६० सेंमी माप पुरेसं आहे. याहून मोठी जाळी एकट्याला तापलेल्या अवस्थेत उचलता येत नाही. बाहेरची चौकट १० मिमी सळईची. आतल्या सळया ६ मिमीच्या, ४५ सेंमीच्या बाजूला समांतर, दोन सळयांत १५ मिमी मोकळी जागा. साधारण २७ सळया बसतात. त्यांच्या खालून मधोमध १० मिमीची एक आडवी सळई, म्हणजे ताप आणि वजनाने जाळी झोळीसारखी होत नाही. दोन्ही आखूड बाजूंना वीतभर बाहेर येणाऱ्या मुठी.

लोखंड वजनावर मिळतं, त्यामुळे आधी हिशेब करून जा. गोल सळईचं एका मीटरचं वजन काढायला तिचा मिमीतला व्यास वर्ग करून १६२ ने भागायचा. ६ मिमीची सळई मीटरला ०.२२ किलो भरते, १० मिमीची ०.६२ किलो. वरच्या मापाची जाळी मुठी सोडून साडेचार किलोच्या आसपास होते. कोणी आठ किलोचं बिल लावलं, तर सळई कितीची घातली ते विचारा.

पाय जाळीला जोडून घेऊ नका. चार कोपऱ्यांवर पाइपचे चार छोटे तुकडे उभे वेल्ड करून घ्या आणि त्यांतून १२ मिमीच्या टोकदार सळया जमिनीत ठोका. पाइपला भोक पाडून बोल्ट बसवला की जाळी वरखाली करता येते. आमच्याकडे एका शेतात चार बोटांवर मुरूम लागतो, तर शेजारच्यात हातभर खोल काळी माती. ठरीव उंचीचे पाय दोन्हीकडे सारखे बसत नाहीत.

वेल्ड खालच्या बाजूने घ्यायला सांगा. वेल्डवरची काळी खपली हातोडीने झाडून, वरची बाजू ग्राइंडरने गुळगुळीत करून घ्या, नाहीतर ती अन्नात येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रंग नको, प्रायमर नको. हे दोनदा सांगा, शक्य असेल तर जाळी घ्यायला जाताना तिसऱ्यांदा फोन करून सांगा. दुकानातली कुठलीही वस्तू तयार झाली की तिला रेड ऑक्साइडचा हात मारायची कारागिराला सवय असते. तो ते काळजीपोटीच करतो, गंज लागू नये म्हणून. माझ्या पहिल्या जाळीला असाच रंग लागला होता. तो पूर्ण घासून काढायला दोन दिवस गेले, आणि ती रविवारची पंगत तव्यावरच उरकावी लागली.

४. हार्डवेअरच्या दुकानात जीआय जाळी स्वस्त मिळते. तीच कापून ठेवली तर?

नको. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. फुललेल्या निखाऱ्यांना वारा लागला की तिथली उष्णता पहिल्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाते. मुलामा जळून त्याचा पांढरा धूर होतो, तो श्वासात जातो, आणि पापुद्रे अन्नाला चिकटतात. जीआय पाइप वेल्ड करणाऱ्याला विचारा. त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते.

कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, कुंपणाची जाळी, काटेरी तार हे सगळं याच जातीचं. राखाडी-पांढरं, वर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसली की समजा जस्त आहे. "एकदा जाळून घेतलं की मुलामा उडतो" असं बरेच जण सांगतात, पण तो धूर कुणीतरी घेतोच, आणि मुलामा पूर्ण गेला की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

५. जुन्या फ्रीजची जाळी, कुलरची जाळी, सायकलच्या तारा यांपैकी काय चालेल?

काहीच नाही. फ्रीजच्या जाळ्यांवर प्लास्टिकचा थर असतो किंवा धातूचा मुलामा. जुन्या मुलाम्यांमध्ये कॅडमियमही असू शकतं, आणि ते जस्तापेक्षा फार घातक. सायकलच्या तारांवरही मुलामाच असतो. घरात काही उपयोगी शोधायचंच असेल तर जुना लोखंडी झारा, पापड भाजायची साधी लोखंडी जाळी, खिडकीतून निघालेले बिनरंगाचे गज असं पाहा.

६. स्टेनलेस स्टीलची केली तर? चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील ना?

स्टील उत्तम. धुवायला सोपं, गंजाची काळजी कमी. ३०४ ग्रेड मागा. पण चुंबकावर विसंबू नका. बाजारात मिळणारं स्वस्त २०२ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. ओळखीचं दुकान आणि बिलावर लिहिलेला ग्रेड, एवढाच भरवसा. वर्षातून दोन-चारदा शेतात वापरायची जाळी असेल तर माझं मत साध्या लोखंडाच्या बाजूने आहे. वाचलेले पैसे जाड सळईवर आणि वरखाली होणाऱ्या पायांवर घाला.

७. आमचा यंत्रमागाचा कारखाना होता. मागाच्या भंगारातल्या सळया पडून आहेत. त्या वापरू का?

सोलापुरात हा प्रश्न येणारच. मागाचे सुटे भाग वर्षानुवर्षं तेलात आणि ग्रीसमध्ये असतात. तेल जाळून काढता येतं, अडचण मुलाम्याची आहे. कानस मारून पाहा. वरचा चकचकीत थर निघून आत वेगळ्या रंगाचा धातू दिसला तर ती सळई बाजूला ठेवा. आतबाहेर एकसारखं काळं-करडं लोखंड असेल तर ते वापरता येईल, मात्र सोड्याच्या गरम पाण्याने धुवून आणि प्र. ९ प्रमाणे तापवूनच. शंका राहिली तर तिचे पाय करा. पाय निखाऱ्याबाहेर राहतात, अन्नाला लागत नाहीत.

८. २०० लिटरचा ड्रम उभा कापून त्यावर जाळी ठेवायची आहे.

ड्रममध्ये आधी काय होतं, यावर सगळं आहे. डिझेल, थिनर, रसायन, कीटकनाशक यांपैकी काहीही असेल तर तो ड्रम सोडून द्या. रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्ये वाफ कोंडलेली असते आणि ग्राइंडरच्या एका ठिणगीने स्फोट होतो. यात माणसं दगावतात. काय होतं ते माहीत नसेल तर तेही "नको"मध्येच धरा.

खाद्यतेलाचा ड्रम असेल तर झाकणाची दोन्ही बुचं काढून, सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवून, मगच कापायला द्या. अर्ध्या ड्रमच्या तळाशी दोन-तीन बोटं माती किंवा वाळू पसरा, पत्रा लवकर जळत नाही. खालून बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा. बाहेरचा रंग पहिल्या मोठ्या जाळात, अन्न न ठेवता, उघड्यावर जळू द्या.

९. नवी जाळी आणली. लगेच वापरू का?

आधी साबण आणि तारेच्या घासणीने धुवा. मग चांगल्या आरावर अर्धा-पाऊण तास रिकामी तापवा. लोखंडावरचं तेल धूर होऊन जातं. धूर थांबला की उतरवा आणि कोमट असताना फडक्याने शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल अगदी पातळ पुसा. पुन्हा तापवा, पुन्हा पुसा. असं तीनदा केलं की बिडाच्या तव्यासारखी काळी तकाकी येते, वस्तू कमी चिकटतात आणि गंजही धरत नाही. तेल जाड लावलं तर चिकट होऊन बसतं.

१०. जाळी निखाऱ्यापासून किती उंच ठेवायची?

सहा ते आठ इंच ही सुरुवात. पुढचं हाताने ठरवा. जाळीच्या उंचीवर तळहात धरा आणि सावकाश मोजा. दोन-तीनलाच हात काढावा लागला तर धग कडक आहे, पातळ तुकड्यांसाठी ठीक. चार-पाचपर्यंत टिकला तर मध्यम, बहुतेक सगळं याच आचेवर होतं. सात-आठपर्यंत टिकला तर मंद, हाडासकटच्या कोंबडीला आणि अख्ख्या वांग्याला योग्य. पोरांना हे करू देऊ नका.

११. बाहेरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं. चूक जाळीची आहे का?

जवळजवळ कधीच नाही. चूक घाईची असते. जाळी निखाऱ्यांसाठी आहे, जाळासाठी नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी एवढं पाळलं की मिटतात. जाळात न जळालेला धूर आणि काजळी असते. ती अन्नावर बसते, कडवट लागते, आणि वरची कातडी आत उष्णता पोहोचण्याआधी करपते.

लाकूड पेटवल्यापासून निखारे व्हायला पाऊण ते एक तास लागतो. जाळ पूर्ण बसला, निखाऱ्यांवर राखेचा पांढरा पातळ थर आला, की मग जाळी ठेवा. पाहुणे आल्यावर आग पेटवाल तर सगळे भुकेले होऊन जाळातच भाजायला लागतात. आग आधी पेटवा, पाहुण्यांना रान दाखवून आणा.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. जाळीखालचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. चरबी गळून जाळ उठला की तुकडे तिकडे सरकवायचे. आणि जाळीपासून हातभर दूर एक छोटी आग चालू ठेवा, तिथून नवे निखारे फावड्याने आणून घालायचे. ताजं लाकूड जाळीखाली कधीच सारू नका.

कोंबडी शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटरने ७४ अंश दाखवले पाहिजेत. रात्री बॅटरीच्या उजेडात सगळंच भाजल्यासारखं दिसतं.

१२. लाकूड कोणतं घ्यावं?

बाभूळ पहिली. जड लाकूड, निखारा घट्ट आणि टिकाऊ. माळावर माजलेली वेडी बाभूळही तितकीच कामाची, फक्त काटे सांभाळा. चिंच आणि बोर चांगली. तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या पेटवणीला छान, पण त्यांचा आर टिकत नाही. नारळाच्या करवंट्या मूठभर टाकल्या तर धग एकदम वाढते. कडुलिंबाचा धूर मी अन्नाला लागू देत नाही, चव कडू होते.

कण्हेर, रुई आणि घाणेरी जाळू नका, त्यांच्या काड्यांत तुकडे ओवूही नका. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. प्लायवूड, रंगवलेली फळी, फर्निचरचे तुकडे यांनाही मनाई.

१३. आमच्याकडे डाळिंबाच्या छाटणीचा ढीग आहे. फळझाडाचंच लाकूड आहे, मग काय हरकत?

लाकडाला हरकत नाही, त्यावर जे बसलं आहे त्याला आहे. डाळिंबाच्या खोडांना गेरू, ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि कीटकनाशक कालवून लेप देतात, वर हंगामभर फवारण्या. द्राक्षाच्या काड्यांचंही तेच. हे अन्नाखाली जाळू नका. सांगोला, पंढरपूर, बार्शीकडून हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणीतरी "आम्ही तर जाळतो" म्हणून वाद घालतं. बांधावरची बाभूळ फुकट असताना हा धोका कशासाठी घ्यायचा, हे मला खरंच कळत नाही.

१४. भीमेच्या पात्रातले गोल दगड मांडले तर छान दिसतात.

नदीतल्या, तळ्यातल्या दगडांत पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या डोळ्यात जातात. वरून कोरडा दिसला तरी. रानात उन्हात पडलेला, भेगा नसलेला काळा दगड घ्या, किंवा प्र. २ मधल्या विटा.

१५. काळ्या रानात आग पेटवताना वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि ती कुणी सांगत नाही. काळी माती वाळली की भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. निखारा त्या भेगेत घसरला की आत वाळलेल्या मुळ्या, धसकटं धुमसत राहतात. एकदा आम्ही आग विझवून घरी आलो, आणि सकाळी चार हातांवरच्या भेगेतून धूर निघत होता. पलीकडे कडब्याची गंजी होती. त्या दिवसापासून मी आधी वीतभर मुरूम किंवा ओली माती पसरून, धुम्मस करूनच आग पेटवतो.

भोवती दहा फूट जागा धसकटं आणि पालापाचोळ्यासकट साफ करा. शेजारी उसाचं पाचट असेल तर तिथे आग नकोच, कितीही साफसफाई केली तरी. वारा सुटला तर पंगत थांबवून निखाऱ्यांवर माती ओढा. कडब्याची गंजी वाऱ्याच्या खालच्या अंगाला नाही ना, हे पेटवण्याआधी पाहा.

१६. शेत नाही. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये चालेल?

गच्चीवर थेट स्लॅबवर आग नको, काँक्रीटचे पापुद्रे उडतात आणि गळती लागते. पायांवर उचललेला अर्धा ड्रम (प्र. ८), खाली विटांचा थर, आणि लाकडाऐवजी कोळसा, असं करता येईल. पार्किंग, बंद शेड, पत्र्याची खोली, तंबू इथे अजिबात नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंडी आहे म्हणून विझत आलेली शेगडी आत घेऊन झोपणाऱ्यांना हेच सांगणं आहे.

१७. घरात सासूबाई माळकरी आहेत, पोरांना चिकन हवं. एकाच जाळीवर कसं करायचं?

एकाच जाळीवर करू नका. घासली, जाळली, तरी त्यांच्या मनाला ते पटणार नाही, आणि पटावं असा हट्टही धरू नये. प्र. ३ मधली चौकट तीच ठेवा आणि आत ३० × ४५ सेंमीच्या दोन सुट्ट्या जाळ्या करून घ्या. एकीच्या मुठीला ओळखीची कडी वेल्ड करून घ्या. भाजीची जाळी आधी लावायची, त्यांचं जेवण आधी, मग दुसरी. चिमटेही दोन. एवढं केलं की त्याही निवांत आगटीपाशी बसतात.

१८. उजनीची चिलापी आणली, पण जाळीलाच चिकटते.

मासा कोरडा पुसा, जाळी आधी पाच मिनिटं तापवा, मग जाळीला तेल पुसा आणि माशालाही. ठेवल्यावर हलवू नका. खालची बाजू भाजली की ती आपोआप सुटते, ओढून काढायला गेलात की तुटते. एवढं करूनही जमलं नाही तर केळीच्या पानात गुंडाळून भाजा. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये चिंच, लिंबू लावलेला मासा गुंडाळू नका, आंबटाने ते अन्नात उतरतं.

१९. भाकरी जाळीवर होते का?

तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की पापुद्रा फुगवायला जाळीवर टाका, सुरेख होते. कडक भाकरी नुसती उलटसुलट दाखवायची. शेंगाचटणी आणि तेल तयार ठेवा.

२०. नान्नजच्या माळावर किंवा तलावाकाठी सहलीला जाऊन भाजलं तर?

नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, आणि राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे. हिवाळ्यात तिथलं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. काळवीट आणि लांडगे त्याच गवतात राहतात. तलावाकाठी आधी जागा कुणाची ते विचारा. सगळ्यात चांगलं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं रान, त्याला विचारून.

२१. हात भाजला तर?

वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा. फोड तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहरा भाजला असेल, तर १०८ ला फोन करा. भाजलेल्या हातासाठी पाण्याची एक घागर वेगळी भरून ठेवा, प्र. २२ मधलं पाणी यात धरू नका.

२२. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. विझवायला कुठून आणू?

तर मग उन्हाळ्यात पेटवू नका. हे कठोर वाटेल, पण मार्चनंतर चाळिशी पार केलेल्या उन्हात, वाळल्या रानात, पाण्याविना आग हे धाडस नव्हे. हिवाळ्यात पाणी कमी असेल तर निखारे पसरून थंड होऊ द्या, मग थोडं पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा पाणी. शेवटी उलटा हात जवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर अजून विझलेलं नाही. नुसती माती टाकून जाऊ नका, मातीखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. राख गार झाली की बांधापलीकडच्या रानात विखरा, विटा परत रचून ठेवा, पायांच्या सळया उपटून भोकं बुजवा. मालकाला सकाळी औत घालायचं असतं.